एका क्रियाविशेषणाचे काळीज

माणसांप्रमाणे शब्दांनाही कुळ असते, गोत असते. काही शब्दांच्या घरातले तर एखादे माणूस फार पूर्वीच गेलेले असते आणि मागे उरलेले त्याच्या नावावर दिवस काढीत असतात. हे वाचून कुणी हसेल. पण गेले वर्षभर मी ज्या एका इंग्रजी शब्दाच्या मागे हिंडते आहे, त्याने मला हेच शिकवले. तो शब्द म्हणजे 'रूथलेसली'. उताऱ्यात तो कुठेतरी असतो. गाइडमध्ये त्याच्यापुढे 'निर्दयपणे' असे छापलेले असते. आपण ते वहीत उतरवून घेतो आणि पुढच्या शब्दाकडे वळतो. परीक्षेपुरते तेवढे पुरते. पण आमच्या घरात इंग्रजी शब्दकोश आणणारी मी पहिलीच. आणि पैसे मोजून आणलेल्या वस्तूचा पुरेपूर वापर करायचा, ही आमच्या घराची जुनी रीत! त्यामुळे मी त्या एका शब्दावर थांबले, ती थांबलेच.

शाळेत आपण क्रियाविशेषणांचे प्रकार पाठ केले : कालवाचक, स्थलवाचक, परिमाणवाचक, रीतिवाचक. त्यांतले रीतिवाचक मला पूर्वी सर्वांत निरुपयोगी वाटे. क्रिया झाली ना? मग ती 'कशी' झाली याची चौकशी कशाला? वाक्यातून ते काढून टाकले तरी वाक्य पुरेच राहते. पण विचार करता करता ध्यानात आले की माणूस ओळखायचा तर तो याच शब्दावरून ओळखावा लागतो.

माझ्या घरचेच उदाहरण देते. माझी आई अर्नाळ्याहून मासळी घेऊन विरारच्या बाजारात बसते. दिवसभर तिचा हात कोयत्यावर असतो. "आई मासे कापते," हे वाक्य पुरे आहे. त्यात 'निर्दयपणे' हा शब्द घालून पाहा, वाक्य खोटे होते. जिवंत चिंबोरी हाती आली की ती एका झटक्यात काम उरकते. लहानपणी मी विचारले तेव्हा म्हणाली होती, "पोटासाठी मारायचं तं एका घावात. जीव तडफडवू नये." याउलट बंदरावर खेळणारी पोरे एखाद्या लहानशा चिंबोरीची एकेक नांगी मोडून मजा बघत बसतात. तिथे कोयता नसतो, रक्तही फारसे नसते. पण तो शब्द तिथे बरोबर बसतो. म्हणजे निर्दयपणा शस्त्रात नाही, रक्तातही नाही. मग तो आहे कशात?

उत्तर शब्दाच्याच पोटात होते. 'रूथलेसली'चे तीन तुकडे पडतात. शेवटचा 'ली' म्हणजे आपला 'पणे'. मधला 'लेस' म्हणजे 'नसलेला'. राहिला 'रूथ'. जुन्या इंग्रजीत 'रू' म्हणजे हळहळणे, पस्तावणे. 'ट्रू'पासून 'ट्रूथ' झाले तसा 'रू'पासून 'रूथ' झाला. अर्थ करुणा, दुसऱ्याच्या दुःखाने कालवणे. मिल्टनने १६३७ साली लिहिलेल्या 'लिसिडस' या शोककाव्यात तो भेटतो. पुढे मात्र तो बोलण्यातून गेला. 'रूथफुल' म्हणजे कनवाळू, हाही गेला. 'रूथलेस' तेवढा राहिला. इंग्रज माणसाला आज 'रूथ म्हणजे काय' असे विचारले तर तो बहुधा एखाद्या बाईचे नाव सांगेल. पण 'रूथलेस'चा अर्थ मात्र त्याला बिनचूक ठाऊक असेल. घरातली करुणा गेली आणि तिच्या नसण्याचे नाव तेवढे घरात नांदत राहिले! यावरून इंग्रजांच्या स्वभावाविषयी अनुमान काढणे अन्यायाचे होईल. भाषेत असे अपघात होतच असतात. तरी वाचून मन थोडे हलतेच.

वर्गातली माझी एक मैत्रीण ख्रिस्ती आहे. तिला वाटले की हा शब्द बायबलमधल्या रूथवरून आला असावा. जुन्या करारात रूथ नावाचे चार अध्यायांचे लहानसे पुस्तक आहे. नवरा मेल्यावरही ही रूथ विधवा सासूला एकटी सोडीत नाही, तिच्यामागून परक्या मुलखात जाते आणि शेतातली सांडलेली कणसे वेचून तिला जगवते. ते नाव हिब्रू आहे, त्याचा या इंग्रजी शब्दाशी व्युत्पत्तीने संबंध नाही. पण मैत्रिणीचा तर्क मला आवडला. जिच्यात रूथ नाही ती 'रूथलेस', असा अर्थ लावला तरी कुठे बिघडते!

मग मी आपल्या शब्दांकडे वळले. 'निर्दय'मध्ये 'दया' उघडच दिसते. पण दया म्हणजे काय? संस्कृतात 'दय्' या धातूचा एक जुना अर्थ आहे 'वाटणे, वाटा देणे'. दुसऱ्याच्या दुःखात वाटेकरी होणे ती दया. असा वाटा न उचलणारा तो निर्दय. दुसरा शब्द 'निर्घृण'. वर्तमानपत्रात तो रोज भेटतो, 'हत्या' या शब्दाच्या आधी तर ठरल्यासारखाच. आज आपण 'घृणा' म्हणजे किळस समजतो. मग जिथे किळस नाही ते निर्घृण, असे कसे? मी बरेच दिवस अडखळले. शेवटी ग्रंथालयातल्या संस्कृत कोशात खुलासा सापडला. 'घृणा'चा जुना अर्थ कळवळा, अंतःकरणाची ऊब असाही आहे. ज्या धातूपासून 'घर्म' झाला आणि घर्मापासून आपला रोजचा 'घाम', त्याच ऊष्ण कुळातला हा शब्द. तेव्हा निर्घृण म्हणजे ज्याच्या आत ऊब उरलेली नाही असा. गंमत पाहा : इंग्रजीत 'रूथ' मेला, आणि मराठीत 'घृणा' जिवंत राहिली पण अर्थ पालटून बसली. दोन्हीकडे जुनी करुणा आता फक्त नकाराच्या आडोशाला सापडते.

सगळेच शब्द असे नकाराचे नाहीत. 'क्रूर' पाहा. संस्कृतात 'क्रव्य' म्हणजे कच्चे मांस, आणि ते खाणारा 'क्रव्याद'. 'क्रूर' त्याच घरातला. आणि इंग्रजी 'क्रूएल'? तो लॅटिनमधून आलेला. तिथे 'क्रुऑर' म्हणजे वाहते रक्त, 'क्रूडस' म्हणजे कच्चे. 'क्रूड ऑइल'मधला 'क्रूड' याच गोतातला, आणि इंग्रजीतला साधा 'रॉ'देखील. म्हणजे 'क्रूर' आणि 'क्रूएल' हे कानाला सारखे लागतात ते उगीच नव्हे; हजारो वर्षांपूर्वी एका घरातून निघालेले हे भाऊबंद आहेत. ज्यांना सरकारी अर्जावर इंग्रजी दिसले की धडकी भरते अशा घरातून मी आले. त्या मला हे वाचून वाटले, ही भाषा आपण समजतो तितकी परकी नाही. पण नाते लागले तेही नेमके कोणत्या शब्दावरून!

तेव्हा क्रौर्याच्या शब्दांची दोन घराणी झाली. एक रक्ताचे : क्रूर, क्रूएल. ते हाताविषयी बोलते. दुसरे उणिवेचे : निर्दय, निर्घृण, रूथलेस, मर्सिलेस. ते हृदयात काय नाही याविषयी बोलते. 'ब्रूटली' आणि आपले 'पाशवी' यांचे एक तिसरे घर निघेल. पण त्यात जनावरांची उगीच बदनामी आहे. भुकेपलीकडे मजेसाठी बळी घेणारे पशू किती, आणि माणसे किती, याचा हिशेब कुणी मांडला आहे?

अति वापराने हे सारे शब्द बोथट होतात तेही पाहण्यासारखे आहे. इंग्रजीत फटकळ बोलणाऱ्याला 'ब्रूटली ऑनेस्ट' म्हणून शाबासकी मिळते. कुणी न मारताही माणूस 'क्रूएली' निराश होऊ शकतो. तिथे मारणारे दैव. आपणही कमी नाही. नाटक 'भयंकर' आवडते, विनोदावर 'बेदम' हसतो. विरार लोकलला रोज 'मरणाची' गर्दी असते; आणि त्या लोकलमधून खरोखरच माणसे पडून मरतात, तेव्हा सांगायला वेगळा शब्द हाताशी उरलेला नसतो.

याहून मोठी चलाखी वाक्यरचनेत आहे. 'तरुणीची निर्घृण हत्या झाली.' पाऊस झाला, संध्याकाळ झाली, तशी हत्या झाली! इंग्रजीत कर्मणी प्रयोग, मराठीत 'झाली'. कर्ता गायब होतो आणि त्याचे विशेषण तेवढे हवेत राहते.

हे सगळे मी थंडपणे लिहिते आहे. पण या शब्दाच्या मागे मी लागले ती केवळ अभ्यासाच्या हौसेने नव्हे. १८ जून २०२४ च्या सकाळी, वसई पूर्वेच्या चिंचपाडा भागात, भर रस्त्यात एका तरुणाने एका तरुणीच्या डोक्यात लोखंडी पान्याचे घाव घातले. ती पडली तरी तो थांबला नाही. ती तिथेच गेली. रस्ता वाहता होता, वेळ कामावर जाण्याची होती. एक जण पुढे झाला होता, त्याला त्याने परतवून लावले. बाकीचे पाहत राहिले. त्याचे चित्रण झाले आणि ते दुपारपर्यंत घरोघरच्या मोबाइलवर फिरले. तिचे नाव मी इथे लिहीत नाही. ते खूप ठिकाणी छापून आले आहे, आणि नाव छापल्याने तिला काही मिळाले नाही.

तो माझ्या कॉलेज-प्रवेशाचा आठवडा होता. बारावी पास झाले होते, फॉर्म भरायचा होता. जूनमध्ये मासेमारी बंद, त्यामुळे बाबा घरीच; अंगणात जाळे पसरून शिवीत बसलेले. काका आले, शेजारचे आले. प्रत्येकाच्या हातात ते चित्रण आणि तोंडी एकच बोलणे : "बघ काय दिवस आलेत. पोरीला कशाला पाठवतोस लांब? शिकली तेवढी पुरे." बाबांनी मान वर केली नाही. बोलणारे वाईट नव्हते. त्यांच्या मनात माझी काळजीच होती. पण मारणाऱ्याने मारले आणि शिक्षा ठरत होती ती माझ्या शिकण्याला, हे तेव्हाही मला लख्ख दिसत होते.

संध्याकाळी आई सुक्या बोंबलांची टोपली रिकामी करून आली. तिला कुणीतरी ते चित्रण दाखवले. तिने पुरते पाहिले नाही, मोबाइल परत केला. मारणाऱ्याविषयी ती अक्षर बोलली नाही. तिने विचारले, "बाजूला येवढी माणसं व्हती, त्यांना काळीज नव्हतं काय?"

आई शाळेत गेलेली नाही. 'निर्दय' हा शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकलेला नाही. पण कोशात शोधून शोधून मी जिथे पोचले तिथे ती एका प्रश्नात पोचली होती. 'काळीज नाही' हे तिचे 'रूथलेस'. तोच नकार, तीच उणीव. आणि मुख्य म्हणजे हा शब्द तिने मारणाऱ्याला लावला नाही, पाहणाऱ्यांना लावला. मारणारा क्रूर, तो रक्ताच्या घराण्यातला. उणिवेच्या घराण्यातले कोण, हे तिने बरोबर ओळखले. वर्तमानपत्रातले 'निर्घृण' एकट्या हत्येला लागले होते. बघ्यांच्या वाट्याला क्रियाविशेषणच आले नव्हते. ते नुसते 'उभे होते'.

मी न्यायाने बोलायला हवे. हातात लोखंड घेतलेल्या माणसापुढे जायचे तर जीव धोक्यात घालावा लागतो. भीती आणि निर्दयपणा एक नव्हेत. मी तिथे असते तर काय केले असते, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण ओरडता येते. दहा जण मिळून पुढे होता येते. चार दगड तर कुठेही मिळतात. आणि मोबाइल वर धरायला हात मोकळा असतो, तो हात घाबरलेला नसतो.

मानसशास्त्राच्या पुस्तकात याविषयी एक प्रकरण आहे. १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये एका तरुणीचा असाच खून झाला. अडतीस जणांनी पाहिले आणि कुणी हलले नाही, असे वर्तमानपत्राने छापले. तो आकडा फुगवलेला होता, हे पुढे दिसून आले. पण त्यावरून जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोघांनी १९६८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या खोल्यांत बसवलेल्या विद्यार्थ्यांना, आपल्याशी यंत्रावरून बोलणाऱ्याला झटका आला आहे, असे ऐकवले. ऐकणारे आपण एकटेच, असे ज्यांना वाटत होते त्यांच्यापैकी ८५ टक्के वेळेवर मदतीला उठले. आणखी चौघे ऐकत आहेत असे ज्यांना वाटले त्यांच्यापैकी फक्त ३१ टक्के. माणसे वाढली की जबाबदारीचे वाटे पडतात, आणि प्रत्येकाच्या हाती इतका लहान वाटा येतो की तो असून नसल्यासारखा होतो. हे वाचताना मला 'दय्' धातू आठवला. वाटायचे होते ते दुःख. आपण वाटून टाकतो ती जबाबदारी.

न्यायालयातही हे क्रियाविशेषण किती वजनाचे असते, ते पाहा. सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली बच्चनसिंग खटल्यात सांगितले की फाशी 'दुर्मिळातील दुर्मिळ' प्रकरणातच द्यावी. ते प्रकरण ओळखायचे कसे? १९८३ च्या माछीसिंग खटल्यात ज्या कसोट्या सांगितल्या त्यांतली पहिलीच आहे : खून कोणत्या रीतीने केला? जे मला शाळेत निरुपयोगी वाटे ते रीतिवाचक क्रियाविशेषण माणसाच्या गळ्याशी येऊन उभे राहते! मात्र ही चौकशी मारणाऱ्यापुरती. अनोळखी माणसाला मारले जात असताना नुसते पाहणे हा आपल्या कायद्याने सहसा गुन्हा ठरत नाही. तो कसा उभा होता, हे कोणतेही न्यायालय विचारीत नाही. ते विचारले एका मासे विकणाऱ्या बाईने, चुलीपुढे बसून.

त्या रात्री माझ्या कॉलेजचा निकालही तिनेच दिला. काकांना म्हणाली, "घरात ठेवून काय व्हणार? ती बाहेर नाय गेली तं बाहेर नुसती बघणारीच रायतील." दुसऱ्या दिवशी टोपली शेजारणीकडे देऊन ती माझ्याबरोबर आली. फॉर्मवर पालकाच्या सहीच्या जागी तिने अंगठा उमटवला. कारकुनाने शाईचा पॅड पुढे सरकवताना तिच्याकडे नीट पाहिलेही नाही. ते मी पाहिले. आणि ते कोणत्या क्रियाविशेषणाने सांगावे, हे मला अजून ठरवता आलेले नाही. निर्दयपणे नक्कीच नव्हे. पण मायेनेही नव्हे.

'मायेने' हा शब्द इथे आपसूक आला, आणि तो येईपर्यंत मला 'रूथलेसली'चा विरुद्धार्थी शब्द सापडत नव्हता. इंग्रजीत तो होता, मेला. 'दयाळूपणे' म्हटले की कीर्तनात बसल्यासारखे वाटते. शिवाय त्यात देणारा वर आणि घेणारा खाली, अशी पायरी आहे. आमच्या आळीत मात्र 'मायेने' रोज वापरतात. मायेने वाढ, मायेने बोल, मायेने हात धर. तेही रीतिवाचक क्रियाविशेषणच. त्याला कोणतीही क्रिया चालते, आणि त्यासाठी शिकलेले असावे लागत नाही.

मित्रमैत्रिणींनो, परीक्षेत 'रूथलेसली'चा अर्थ आला तर 'निर्दयपणे' असेच लिहा. गुण त्यालाच मिळतील. पण आपल्या या शहरात रोज लाखो माणसे रस्त्यावर, फलाटावर, पुलावर शेजारी शेजारी उभी असतात. ती उभी आहेत, एवढ्याने वाक्य व्याकरणाला पुरे होते. ती कशी उभी आहेत, तो शब्द अजून लिहायचा आहे, आणि तो लिहिणाऱ्यांत तुम्ही-मी आहोत.